शटरसमोरची बोहनी

दुकान कायमचं बंद झालं त्या संध्याकाळी मी आणि माझा तरुण दोस्त, आम्ही दोघांनी एक चहा अर्धा-अर्धा घेतला. अंबरनाथ स्टेशनजवळ मोठ्या कंपनीचं कपड्यांचं दुकान होतं, त्यात तो सेल्समन. बायको गेल्यापासून मला घर खायला उठतं, म्हणून मी तिथे जाऊन बसायचो. मॅनेजरने डोळे वटारले की हा म्हणायचा, "सर, काका साइज बघतायत." गिऱ्हाइकाशी मात्र आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा हळू बोलायचा. कंपनीचा नियमच तसा होता.

मंदीत गिऱ्हाईक आटलं. कंपनीने दुकानं बंद करायला घेतली, त्यात हेही गेलं.

"आता काय करणार रे?" त्या संध्याकाळी चहा पिताना मी विचारलं.

"पोरीची शाळा आहे काका. रडत बसून चालतंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बंद शटरसमोर त्याची हातगाडी उभी, वर उल्हासनगरच्या स्वस्त पँटींचा ढीग.

"ट्रायल रूम कुठाय?" मी टोमणा मारला.

त्याने पँटची कंबर माझ्या मानेभोवती गुंडाळली. टोकं बरोबर जुळली, म्हणजे कंबरेला बसणार. बायकोनंतर माझं माप कोणी घेतलंच नव्हतं. मी पँट घेतली. त्याने बोहनीची नोट कपाळाला लावली आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "काकांना बसली, या, तुम्हालाही बसवतो!"