डिंकाच्या लाडवांतली खसखस

हा अनुभव मी आमच्या भजनी मंडळात पुष्कळदा सांगितला, पण खरा एकदाही नाही. खरा सांगायचं वर्षानुवर्षं टाळलं. देवीने मला परक्या देशातल्या तुरुंगापासून वाचवलं, एवढंच सांगायचो. ते खोटं नाही. पण ती कोणाच्या रूपाने आली आणि मी तिच्याशी कसा वागलो, तेवढं गाळायचो.

माझी मुलगी दुबईत बाळंत झाली होती. गुडघ्यांमुळे पत्नीला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी एकटाच निघालो. बाळंतिणीला माहेरचे डिंकाचे लाडू गेले नाहीत तर आमच्याकडे कमीपणा मानतात. हिने खारीक, खोबरं, खसखस भाजून लाडू वळले, डबा देवीपुढे ठेवला आणि मग माझ्या पिशवीत घातला. पेडगावातून निघताना पुतण्याने दम भरला, "काका, इमानतळावर कुनाशी बोलू नका. पिशवीला कुनाला हात लावू देऊ नका."

हैदराबादच्या विमानतळावर सामान देण्याच्या रांगेत उभा राहिलो. इंग्रजी येत नाही, हिंदी अर्धवट. मनात म्हणालो, आई, एखादं आपलं माणूस दाखव. तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, परभणीकडचे का? टोपीवरूनच वळखलं."

चाळिशीतला माणूस होता, येलदरीचा. दुबईत वायरमन होता आणि सुट्टी संपवून दुसऱ्या विमानाने परत चालला होता. लेकीचं ऐकून हसला. "मंग पिशवीत लाडूच असणार. माझ्या मायनं बी दिल्ते, हितं येईस्तोवर मीच संपवले." मग त्याचं हसू एकदम मावळलं. "काका, खसखस हाय का त्यात?"

"तुला काय करायचंय?" मी म्हणालो.

"तिकडं खसखशीला बंदी हाय, अफूच समजतेत. सापडली तर लेकीचं त्वांड पाहायच्या आधी जेलात जाताल. काढा तो डबा भायेर." आणि घाईत त्याने माझ्या पिशवीला हात घातला.

मला पुतण्याचे शब्द आठवले. मागितलेलं माणूस समोर उभं होतं आणि मी सगळ्या रांगेसमोर ओरडलो, "चोर! चोर!"

पोलिसांनी त्याला धरलं. तो सारखा म्हणत होता, "साहेब, मला खुशाल तपासा, पण आधी काकाचा डबा उघडा." खिडकीवरच्या मुलीने डबा उघडून पाहिला. तिनेही तेच सांगितलं, खसखस तिकडे नेता येत नाही. लाडू तिथेच सोडले.

पलीकडे टेबलावर त्याची बॅग रिकामी करणं चालू होतं. त्यात लोणच्याची बरणी होती, दोन शर्ट होते. पोलिसांकडे जाऊन 'माझी चूक झाली' एवढंच म्हणायचं होतं. पण माझा नंबर आला, विमान चुकेल वाटलं, मी पुढे गेलो. वळून पाहिलं तेव्हा त्याने हातानेच खूण केली, जा.

दुबईत उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का बसला आणि पुढे कस्टमच्या साहेबाने माझी पिशवी तळापर्यंत उपसली. कपडे, ओवा, देवीचा अंगारा. सगळं परत आत ढकललं आणि जायला सांगितलं. बाहेर लेक उभी होती. तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि मी तिथेच रडू लागलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

देवीने हाक ऐकली, यात मला शंका नाही. पण हाक मारायची आणि तिने कोणत्या रूपात यावं हेही आपणच ठरवायचं, ही शरणागती नव्हे. हे मला उशिरा कळलं.

परत आल्यावर एकदा येलदरीला गेलो. धरणाजवळच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "दुबईवाले वायरमन लय हायत, आजोबा. नाव काय त्याचं?" नाव मी विचारलंच नव्हतं. "भांडण हाय का काही?" त्याने विचारलं.

"न्हाई. माफी मागायची होती."

त्याने माझ्याकडे जरा पाहिलं आणि चहा पुढे केला. जाताना गाडीत जे शब्द घोकले होते, ते तसेच घेऊन परतलो. बाबा, तू माझी लेक मला दाखवलीस आणि मी तुला चोर म्हणालो. मला माफ कर.