टेप लावलेला प्लग

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या जपानी गेम आर्केडमध्ये मशिन्स दुरुस्त करणारे एक मराठी काका होते. दुसऱ्या शहरातली ब्रँच बंद झाली की तिथली मशिन्स आमच्याकडे यायची. आम्ही मुलं खूश व्हायचो. काका स्क्रू पिळता पिळता पुटपुटायचे, "वाढत नाहीये रे, आटपत चाललंय."

पुढे मीही घरीच खेळायला लागलो.

परवा आर्केडचा शेवटचा दिवस होता, म्हणून कित्येक वर्षांनी गेलो. जुन्या रेसिंग मशीनच्या प्लगवर काकांनी टेप लावून ठेवली होती, कारण ते बंद केलं की स्कोअर पुसले जातात. स्क्रीनवर पहिलं नाव अजून माझंच होतं.

"आता तूच काढ," टेप सोडवत काका म्हणाले.

त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.