मेजरचा चाप

माझा धाकटा भाऊ बंदुका दुरुस्त करतो, पण जन्मात त्याने चिमणीवरही नेम धरलेला नाही. बायको गेली, मुलगी लांब दिलेली. तो दुकानामागच्या खोलीत राहतो, मी वरच्या मजल्यावर.

त्याच्याकडे जास्त करून जुनी रिव्हॉल्व्हरं येतात. दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा आणि मग चाप दाबायचा, अशी. चाप हलका लागावा म्हणून हौशी लोक आतली पट्टीची स्प्रिंग कानशीने घासून पातळ करतात. मग चाप घोड्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि नुसत्या धक्क्याने घोडा पडून गोळी सुटते. अशी स्प्रिंग दिसली की भाऊ ती काढून मूळ ताकदीची घालतो. गिऱ्हाईक रागावलं तर रागावलं. तेवढ्या बाबतीत हा गरीब गाय नव्हे.

दर बुधवारी मेजर यायचे. सैन्याशी त्यांचा संबंध मिशीपुरता. नोकरी सगळी पोस्टात. भाऊ चहा ओतायचा, मेजर तो निवलाय म्हणून कुरकुरायचे, आणि तासभर दोघे जवळजवळ मुक्याने बसायचे. कामाशिवाय भावाकडे येणारा तेवढा एकच माणूस. मी बहीण, मला धरू नका.

एका बुधवारी त्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर साफ करायला दिलं. मी विजेचं बिल द्यायला खाली गेले, तर भाऊ मेजरांसमोर स्प्रिंग चिमट्यात धरून बसलेला.

"ही पातळ कुणी केली?"

"झिजली असेल."

"हो, कानस आपण होऊन आली आणि घासून गेली!"

मेजरांनी उजवा हात पुढे केला. बोटांची पेरं आल्याच्या कंदासारखी वेडीवाकडी सुजलेली. "या बोटाने ओढायचंय मला. रविवारच्या नेमबाजीशिवाय मला उरलंय काय? तू काही पाहिलंच नाहीस, समज."

गप्प बस रे गाढवा, मी मनात म्हटलं. पण त्याने नवी स्प्रिंग घातली आणि रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात दिलं. रिकामंच होतं. मेजरांनी डाव्या हाताने घोडा मागे घेतला आणि चाप ओढून पाहिला. एका बोटाने चाप हलला नाही. दोन बोटं लावली तेव्हा हलला, पण नळी जमिनीकडे गेली.

"आणि मित्र म्हणवतोस!"

"तुमच्या शेजारी उभा राहणाराही कुणाचा तरी मित्र असेल, मेजर."

ते गेले. पुढच्या बुधवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

"अरे, त्यांच्या घरी जा की."

"जाऊन माफी कशाची मागू? स्प्रिंग बरोबर आहे, ताई."

"माफी कोण माग म्हणतंय? नुसता जाऊन बस. तेच तर करत होतात इतकी वर्षं!"

तिसऱ्या बुधवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. अर्ध्या तासात परत.

"भेटले?"

"सून म्हणाली, झोपलेत."

"सकाळी अकराला?"

"वय झालंय." तो खाली बसून बुटाची नाडी सोडू लागला. "आतून खोकला ऐकू येत होता. पण झोपेतही माणूस खोकतो ना, ताई?"

खोटं बोलणाऱ्याला मी कधी सोडलेलं नाही, सख्ख्या नवऱ्यालाही नाही.

"खोकतो की," मी म्हटलं.