आई जिथे एकटी राहते

ते गृहस्थ मला भेटले इथे परदेशात, गॉलवे शहरातल्या एका प्रसूतिगृहाच्या कार पार्कमध्ये. कोविडचे दिवस होते. बायको आत, नवरा बाहेर. अगदी शेवटच्या घडीला फोन करून आत बोलवत. बाळाचे ठोके मंदावल्याचं कळलं होतं आणि मला काही सुचत नव्हतं. म्हणून गाडीत लॅपटॉप उघडून ऑफिसचा रिपोर्ट लिहीत बसलो होतो. सोमालीलँडमध्ये शीतगृह उभारण्यात धोका किती, हा विषय.

शेजारच्या गाडीला टेकून ते उभे होते. उंच, शिडशिडीत. बोलण्याआधी दर वेळी मास्क नीट करायचे. उघड्या काचेतून नकाशा दिसताच म्हणाले, "अहो, हा तर माझा देश!"

मी ओशाळलो. "जगाने अजून मान्यता दिलेली नाही ना, म्हणून 'धोका जास्त' असं लिहिलंय. तुम्ही गुंतवाल तिथे पैसे?"

"पैशांचं काय घेऊन बसलात? माझी आई तिथे एकटी राहते. आणि मला इथे शांत झोप लागते."

मी 'जास्त' हा शब्द खोडला. पुढे काय लिहावं ते ठरेना, तेवढ्यात फोन वाजला आणि मी आत धावलो.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. तिला घेऊन खिडकीशी आलो, तर खाली ते दोन्ही हात उंचावून आनंदाने नाचायलाच लागले. त्यांची बायको अजून आतच होती. त्यांना फोन येऊन ते दाराकडे पळेपर्यंत मी खिडकीपासून हललो नाही.