तिच्या नावावरची साखर

माझ्या बायकोला पहिल्या खेपेला साखर झाली होती, असं आमच्या घरात सगळे मानतात. ती तिला कधीच झाली नव्हती. ती साखर माझी होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. तिला सातवा महिना लागला होता, पाय सुजायला लागले होते. परळच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळची पहिली लघवी तपासायला मागितली. चाळीत संडास सामायिक. तिथून बाटली घेऊन येणं म्हणजे मिरवणूकच. तरी बायकोने सगळ्यांच्या आधी उठून काम उरकलं, बाटलीला बूच लावलं, वर वर्तमानपत्र गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघता पिशवी हातात दिली.

रस्त्यावर मोर्चा होता. मी गिरणीच्या ऑफिसातला कारकून, एरवी तोंडातून शब्द न काढणारा. पण ‘झालाच पाहिजे’ कानावर आलं की हात आपोआप वर. त्या दिवशी वर गेला तो नेमका पिशवीचा. दोन-तीन घोषणांत बूच उडालं आणि ओघळ कोपरापर्यंत आला. शेजारचे गृहस्थ जरा सरकून म्हणाले, “काय हो, डब्यातली आमटी सांडली वाटतं?” मी हो म्हणालो.

परत जाऊन दुसरी बाटली मागायची, एवढीच तर गोष्ट. पण आई विचारणार, शेजारीण विचारणार, आणि मला काय सांडलं ते सांगावं लागणार. वाटेत मुतारी होती. बाटली नळाखाली विसळली आणि भरली. लघवीवर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं, असं मनाशी म्हटल्याचं आठवतं.

बाई समोरच तपासायच्या. नळीत निळं औषध, त्यात चार थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं ते निळंच राहिलं तर ठीक, रंग बदलला तर साखर. माझ्यादेखत ती नळी हिरवी, पिवळी होत थेट गिरणीच्या चिमणीसारखी विटकरी झाली. दुसरी नळी नुसती उकळली. ती गढुळली तर अल्ब्युमिन, म्हणजे सूज धोक्याची; पण ती स्वच्छ राहिली.

“अल्ब्युमिन नाही, तेव्हा सुजेची काळजी नको,” बाई म्हणाल्या. “गोड मात्र आजपासून बंद. आठवड्याने रक्त बघू.”

मी मान डोलावली. कुणाचं बंद, ते विचारलं नाही.

बायकोचं पथ्य सुरू झालं. घाबरून मीही चहातली साखर सोडली, तर चाळभर बोभाटा झाला की बघा, बायकोसाठी सोडली. आईने डोळे पुसले. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना माझा दाखला द्यायला लागल्या आणि नवरे माझ्याशी बोलेनासे झाले.

त्याच आठवड्यात डोहाळजेवण होतं. झाकलेल्या दोन वाट्या समोर ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा. आईने पेढ्याच्या जागी चणे ठेवले आणि बर्फीच्या जागी शेंगदाणे. बायकोने चणे उघडले. चण्यांचा मुलगा धरायचा की नाही, यावर बायकांत तंटा चालू असताना शेजारच्या मालवणी काकू तिला हिरवा चुडा भरायला बसल्या. बांगडी हातावर अडली.

“गो, गोड बंद आसा मां तुझा? मगे हात इतको कित्याक फुगलो?”

सगळ्या हसल्या. बायकोही हसली आणि म्हणाली, “डोकं पण ठणकतंय हो सकाळपासून.”

मी दारात उभा होतो. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ती स्वच्छ राहिलेली नळीसुद्धा माझीच होती.

अंगावरच्या फुलांच्या दागिन्यांसकट तिला टॅक्सीत घातलं. बाईंना म्हणालो, मागची बाटली उन्हात राहिली होती, पुन्हा तपासा. अर्धं खोटं, तेवढंच जमलं. या खेपेला निळं औषध निळंच राहिलं. उकळलेली नळी मात्र नासलेल्या दुधासारखी पांढरी झाली. रक्तदाबही चढलेला. तिला तिथेच ठेवून घेतलं. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आठवडा उलटला असता तर दोन्ही जिवांचं काही खरं नव्हतं.”

मुलगी झाली. जरा लवकर, चिमुकली, पण आवाजाने दांडगी. चणे खोटे ठरले.

साखर कशी गेली, याचं श्रेय पथ्याला मिळालं. बायको अजून ते अभिमानाने सांगते. पुढे काही वर्षांनी माझी साखर रीतसर ‘सापडली’, तेव्हा म्हणाली, “मी घालवलेली तुम्ही उचललीत वाटतं.” मी हसलो. तेव्हाही बोललो नाही.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. तिला मी एक खरी गोष्ट देणं लागतो: तिचा आणि मुलीचा जीव एका बांगडीवर टांगला होता आणि टांगणारा मी होतो. आणि डोहाळजेवणात राहून गेलेला एक पेढाही देणं लागतो.