हुंकार दी गो!

"हुंकार दी गो!" मान न वळवता ती ओरडायची. मी मागून "हं" म्हणायचे, की तिचं बोलणं पुढे सुरू.

तिचं नाव सांगत नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत आम्ही एकाच ऑफिसात टायपिस्ट होतो. ती मालवणकडची, माझ्याहून मोठी, म्हणून ताई. संध्याकाळी ऑफिस ते बसस्टॉप सोबत जायचो. सोबत म्हणजे एकामागे एक. फुटपाथ नावाची जी वस्तू होती, तिच्यावर अर्ध्यात गटाराची फुटकी झाकणं, अर्ध्यात लावलेल्या स्कूटर. उरलेल्या फटीतून एकच बाई जाई, तीही पोट आत घेऊन. तुम्हीही अशा वाटेने गेला असाल, तर ठाऊकच असेल: पुढचा बोलतो, मागचा ऐकतो. मी ताईला ओळखते ती पाठीवरून. अंबाडा, त्यात अबोलीचा वळेसर. सुख असो, दुःख असो, तिने मला सगळं पाठ करूनच सांगितलं.

"एकदा तुझा तोंड बघून बोलूचा आसा माका," म्हणायची.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच. पहिला पगार उंच टाचांच्या सँडलवर उधळलेला. रस्त्यातली प्रत्येक काच आपल्यासाठीच बसवली आहे, अशी समजूत. एकदा अशीच एका दुकानाच्या काचेत स्वतःला न्याहाळत राहिले, आणि ताईच्या मागे माझ्या जागी कोणी गृहस्थ आले. ताईने दरडावलं, "हुंकार दी गो!" बिचारे घाबरून "हं" म्हणाले. गाड्यांच्या गोंगाटात सगळ्यांचा "हं" सारखाच. बसस्टॉपवर ताई वळली, तेव्हा गृहस्थ हात जोडून उभे. "बाई, माझा स्टॉप मागेच गेला. पण तुमच्या सासूबाईंचं पुढे काय झालं, तेवढं सांगा."

ती रिटायर व्हायच्या सुमारास आमच्या भागात उड्डाणपूल येणार म्हणून सभा झाली. ताई मला ओढतच घेऊन गेली. पुलाच्या सरकारी साहेबांनी नकाशा दाखवला. ताई उठली. "यात आम्ही चालायचं कुठून?"

"ताई, हा गाड्यांसाठी आहे. गाड्या किती वाढल्यात बघा ना!"

"वाढतीलच. चालायला ठेवलंय कुठे तुम्ही? जनतेचा पैसा ना हा? मग पायांचा वाटा कुठे गेला?"

साहेब हसले. "बरं, केवढा पाहिजे फुटपाथ?"

ताईने मला उभं केलं आणि शेजारी खेटून उभी राहिली. "एवढो."

"म्हणजे हायवेच की!" मागून कोणीतरी म्हणालं. तोवर मीही चांगली ऐसपैस झाले होते. सभा हसली, मीही हसले. ताई हसली नाही.

पूल झाला. मग मेट्रोसाठी खणाखणी सुरू झाली. ताई लेकाकडे मुलुंडला गेली आणि गुडघ्यांनी तिला तिथेच बसवलं. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला.

"झालो काय गो फुटपाथ?"

"अजून खणतायत."

"झालो की सांग. काठी टेकत येतंय."

शेवटच्या फोनवर आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाली, "आज तू बोल. हुंकार मी देतंय." मी बोलत सुटले. बराच वेळ "हं" येत राहिला, मग यायचा थांबला. डोळा लागला असेल म्हणून मी हळूच फोन ठेवला. थोड्या दिवसांनी तिच्या लेकाचाच फोन आला.

आता फुटपाथ झालाय. मेट्रोच्या जिन्यापासून थेट बसस्टॉपपर्यंत, सपाट, रुंद. पायांचा वाटा पायांपर्यंत पोचला एकदाचा. दोन बायका आरामात मावतात, अगदी माझ्या मापाच्यासुद्धा. मी अजून कडेनेच चालते, अर्धी जागा सोडून.

परवा पुढे दोन मुली चालल्या होत्या, एकमेकींकडे तोंड करून. एक सांगत होती, सासूचंच काहीतरी. मध्येच दम घ्यायला थांबली, आणि माझ्या तोंडून गेलं, "हं."

ती वळली. "काय आजी?"

"काही नाही गं. तू सांग पुढे."