तिथीची पाऊणपट आणि सायलीचा मोबाईल

"बाबा, तीनदा ते ॲप काढलं, तीनदा परत टाकलं. माझ्याकडून सुटत नाहीये." बारावीतल्या आमच्या सायलीने हे स्वतःहून सांगितलं, म्हणून हा प्रवास. तिने फोन कोल्हापुरात आईकडे ठेवला आणि आम्ही दोघं दोन दिवसांसाठी मालगुंडला निघालो.

सकाळची रत्नागिरी एसटी सोयीची. आंबा घाटात सायलीचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. साखरप्याला वडापाव खाल्ला, तोही तिने चिडूनच. पुढे आरे-वारेच्या रस्त्याने रिक्षा महाग पडते, पण समुद्र सोबत असतो.

घरगुती खोली, मासे-भाताचं जेवण धरून, दिवसाला दोन हजार. मालकीणकाकूंनी पाणी देता देताच सांगितलं, "वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवलाय हो. पोरांना पहिला तोच लागतो." आमच्या उपासाला दारातच फराळ! त्यात कॉलेजची सूचना पालकांच्या ग्रुपवर आली. ती माझ्या फोनवर बघण्यावाचून इलाज नव्हता. तेवढ्यात सायली पंधरा मिनिटं अडकलीच. मला राग आला, पण फोन मीच दिला होता.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, "अगो, उद्या कालवं काढायला ये. सुकतीला खडक उघडे पडतात." कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, सुकती म्हणजे ओहोटी. वेळ बघायला सायलीने माझा फोन मागितला.

"फोन कशाला?" काकू म्हणाल्या. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. उद्या द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती, सहा तास आधी सुकती."

दुसऱ्या दिवशी साडेसातला खडक खरंच उघडे होते. कालवं फोडताना सायलीची बोटं सोलवटली, दहा वाजेपर्यंत तिने वेळही विचारली नाही. मला फार बरं वाटलं. पण दोन दिवसांत सवय सुटते, असं मी कुणाला सांगणार नाही.

घरी आल्यावर फोन पुन्हा हातात आला. 'रात्री नऊनंतर बंद' असले नियम आम्ही आधीही मोडले होते. या वेळी नियम तिने स्वतःच काढला. भिंतीवरची दिनदर्शिका बघायची, पाऊणपट करायची, आणि मालगुंडला भरती लागली की तासभर फोन घ्यायचा. वेळ रोज सरकते, त्यामुळे रोज हिशोब करावा लागतो. कधी पाळते, कधी नाही.

काल अष्टमी. संध्याकाळी सव्वापाचला मी एक गमतीशीर व्हिडिओ दाखवायला तिच्या टेबलाशी गेलो. वहीतून डोकं वर न काढता ती म्हणाली, "बाबा, भरतीला अजून पाऊण तास आहे."

मी फोन खिशात टाकला.